स्तामातियाची झडती

ग्रीसमधल्या सालोनिकी शहरातल्या आमच्या मुलांच्या इस्पितळात लोक मोठ्या डॉक्टरांना घाबरत नाहीत, स्तामातियाला घाबरतात. मी तिच्याच विभागातली परिचारिका, त्यामुळे मीही.

मेंदूतली गाठ काढताना आमच्याकडे मध्येच, कवटी बंद करण्याआधी, मुलाला टेबलासकट शेजारच्या एमआरआयमध्ये सरकवतात. गाठ उरली असेल तर लगेच दिसते आणि पुन्हा हात घालता येतो. पण ते यंत्र म्हणजे अजस्र चुंबक. साधी लोखंडी पिन राहिली तरी गोळीसारखी सुटते. म्हणून मूल असो की डॉक्टर, स्तामातियाच्या झडतीशिवाय कुणी आत जायचं नाही.

तिचे वडील बंदरावर जकातीत होते. "बाबा चोरट्या सिगारेटी पकडायचे, मी पिना पकडते," ती म्हणायची. नवीन असताना एकदा यंत्राने तिच्याच केसातली पिन उपटून नेली होती. नशीब, आत दुसरं कुणी नव्हतं. "नवऱ्याने जन्मात कधी केसांना हात लावला नाही, आणि या मेल्याने पहिल्याच भेटीत अंबाडा सोडला!"

त्या सकाळी थासोस बेटावरची सहा वर्षांची आर्गिरो आली. आईबाप एकमेकांचा हात धरून गप्प उभे. बोलायचं सगळं खातं आजीकडे, गरिफालियाकडे.

"आर्गिरो? म्हणजे चांदी!" स्तामातिया पोरीला म्हणाली. "चांदीला चुंबक विचारतसुद्धा नाही. घाबरू नकोस."

तिने हातातलं तपासणीचं यंत्र पोरीवरून फिरवलं, तर ते पायमोज्यापाशी किंचाळलं. आत सेफ्टी पिनेने अडकवलेली ताइताची पुरचुंडी.

"आजी, हे काय?"

"मला काय माहीत? देवाची करणी."

पुरचुंडी काढली. पुन्हा फिरवलं, तर झग्याच्या नाडीपाशी किंकाळी. दुसरी पुरचुंडी!

"एक तू काढणार हे ठाऊक होतं," आजी शांतपणे म्हणाली. "म्हणून दोन लावले."

"पिन काढून नुसतं कापड ठेवू का?" मी मध्ये पडले. स्तामातियाने कापडावर यंत्र धरलं. तेही ओरडलं.

"त्यात तिच्या आजोबांच्या होडीचा खिळा आहे," आजी म्हणाली. "तीन वादळांतून आलेली होडी. आता बोल."

स्तामातिया आजीच्या शेजारी बसली. "आजी, हा खिळा आत गेला तर पोरीच्याच डोक्यात घुसेल. तुम्ही तो मुठीत धरून इथे बसा. मध्ये दारच आहे ना? ख्रिस्त तर पुन्हा जिवंत झाल्यावर बंद दारातून शिष्यांपाशी आला होता, मग खिळ्याची कृपा दाराशी अडेल?"

"भवाने, तू शास्त्र शिकवतेस मला?" आजी म्हणाली. पण मूठ मिटली.

आत काम चाललं. मध्ये आर्गिरोला यंत्रात नेलं. पडद्यावर मसुरीच्या डाळीएवढा तुकडा उरलेला दिसला. डॉक्टर व्लासिसनी मुलीला परत आणवलं, तेवढं काढलं, पुन्हा चित्र घेतलं. या वेळी काही नव्हतं.

डॉक्टर बाहेर सांगायला जायच्या आधीच स्तामातिया आजीकडे पळाली होती. मी मागे पोचले तेव्हा दोघी गळ्यात गळा घालून भांडत होत्या.

"मसूर उरली होती म्हणतेस? दोन्ही ताईत असते तर उरलीच नसती!"

"असते तर मी, डॉक्टर आणि यंत्र, सगळेच मसूर झालो असतो, आजी!"

आईबाप रडत होते, हसतही होते.

दुसऱ्या दिवशी आर्गिरोने डोळे उघडले, डोक्याला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "माझे केस एकाच बाजूचे का कापले?"

"दुसऱ्या बाजूला काम नव्हतं," स्तामातिया म्हणाली.

"मग तिकडचेही काप. मी काय अर्धी भादरलेली मेंढी आहे?"

आजीने लगेच कात्री मागितली. स्तामातियाने पदराआड हसावं तसं मास्क वर ओढला, आणि दुपारभर दोघी त्या पोरीच्या केसांवरून एकमेकींशी वाद घालत बसल्या.