तारप्याचं बुजवलेलं भोक

भट्टीचा काटा साठ डिग्रीवर होता तेव्हा कमळ म्हणाली, "बाई, माझ्या तारप्याचं ते बुडाचं भोक मी बुजवलं हां. छान लिंपलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कधी?"

"आठ दिवस झाले. ओलं होतं तेव्हाच."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कला महाविद्यालयात मी मातीकाम शिकवत होते. कमळ पेठ तालुक्यातली, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचे वडील तारपा बनवत. दुधी भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य. चिरलं, उंदरांनी कुरतडलं, की मेण भरून पुन्हा वाजतं करायचं. परीक्षेचा विषय होता 'तग धरणारी कला'. बाकीच्यांनी वडाची झाडं आणि उगवते सूर्य केले. कमळने हातभर लांबीचा, ठिगळांनी भरलेला मातीचा तारपा केला. परीक्षा तीन दिवसांवर. दुसरा करायला वेळ नव्हता.

मातीच्या पोकळ वस्तूला भोक ठेवावं लागतं. शंभर डिग्रीच्या पुढे आतल्या ओलीची वाफ होते. वाट मिळाली नाही तर वस्तू फुटते, आणि शेजारच्यांना घेऊन फुटते. भट्टीत सगळ्या वर्गाचं काम होतं.

"बुजवलंस कशाला?"

"तारप्यातून वारा गळला तर तो वाजत नाय, बाई. घरी गळती बुजवायचं काम माझंच."

प्रिन्सिपॉल आले. भट्टी उघडून तारपा बाहेर काढते, असं मी त्यांना सांगितलं. "चालू भट्टी उघडायची नाही. गार हवा लागून बाकीचं तडकलं तर? एका मुलीसाठी?"

"हे फुटलं तर सगळ्यांचंच जाईल, सर."

"नक्की फुटेल?"

"नक्की नाही."

"मग?"

काटा बहात्तरवर. मी मेन स्विच पाडला.

"जबाबदारी तुमची," सर म्हणाले. पण गेले नाहीत, दारातच उभे राहिले.

दार बोटभर उघडून वाट बघितली. काटा चाळीसवर आल्यावर तारपा गोणपाटावर घेतला. वाळलेली माती पापडासारखी असते. ड्रिलचं पातं बोटांनी फिरवत भोक पाडायचं होतं. मी पातं बुडाशी टेकवलं.

"द्या इकडं," कमळ म्हणाली. "घरी भोपळ्याला मीच पाडते. बुडाकडून नको, तोंडाकडून. फुंकायला तिथं भोक पाहिजेच."

मी पातं दिलं. भुगा पडत राहिला. पातं आरपार गेलं आणि तोंडापासून एक बारीक चीर पळाली. बोटभर जाऊन थांबली.

"अरेरे," सर म्हणाले.

"गप्प बसा," मी म्हणाले. सरांना. ते बसले.

भट्टी पुन्हा लावली, यावेळी फार सावकाश. परीक्षेच्या सकाळी उघडली. सगळं शाबूत होतं. तारप्याची चीर मात्र रुंदावली होती. कमळने ठिगळांचा नमुना म्हणून घरून आणलेलं मेण काढलं, वितळवलं आणि चिरीत भरलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथेच बोट ठेवलं. "हे ठिगळ वेगळं दिसतंय."

"ते खरं आहे," कमळ म्हणाली. "बाकीची मातीची."

पास झाली. सेकंड क्लास.

'भोक ठेवा' एवढंच मी त्या वर्गाला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर कारण आधी सांगते. तरीही भट्टी लावण्यापूर्वी प्रत्येक भोकात सुई घालून बघतेच.