ढोलकीविना नाताळ

शेवगावजवळच्या वाडीत बनुबाईच्या घरी नाताळ म्हणजे करंज्या, दारात कामट्यांची चांदणी आणि ढोलकीवरची भजनं. तिचा नवरा रंगनाथ सांगायचा, आज्याच्या बापानं येशू पत्करला तशी घरची दिवाळी सुटली. पोरं शेजारच्या दारातले आकाशकंदील बघून रडायला लागली. मग त्यानंच डिसेंबरात चांदणीच्या आकाराचा कंदील केला, बायकोनं फराळ केला. तेव्हापासून वाडीतला नाताळ असाच.

त्यांचा एकुलता एक शांतवन ढोलकीवर बसला की हिंदू शेजारीही ऐकायला यायचे. नगरला नोकरी लागल्यावर तो एका नव्या पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला. तिथं त्याला शिकवलं, की पंचवीस डिसेंबर बायबलात नाही, तो रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण. चांदणी, फराळ सगळं मूर्तिपूजकांचं. त्यानंतर तो नाताळाला घरी येईना.

गेल्या थंडीत रंगनाथचं यकृत निकामी झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बनुबाईनं फोन केला, तसा शांतवन धावत आला. बापाचं अंग पुसलं, हातानं पेज भरवली. नाताळाच्या सकाळी भजनकरी अंगणात जमले. रंगनाथनं नजरेनंच कोपऱ्यातली ढोलकी दाखवली.

"एकच भजन वाजव, बाळा."

शांतवन खाली बघत म्हणाला, "आबा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. हे मला जमायचं न्हाई."

"आमी बी देवाचंच केलं रं. जे जवळ हुतं, ते त्याच्या दारात नेलं."

शांतवन रडत होता, पण जागचा उठला नाही. भजनकऱ्यांनी नुसत्या टाळांवर भजन म्हटलं. बनुबाईला वाटलं, त्याला हाताला धरून बसवावं. पण जबरीनं वाजवलेलं रंगनाथला नको असतं, हे तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी रंगनाथ गेला.

माती झाल्यावर शांतवननं आईला नगरला चल म्हणून विनवलं. ती नाही म्हणाली. निघताना त्यानं विचारलं, आबा माझ्यावर रागावून गेले का?

"रागावला न्हवता," बनुबाई म्हणाली. "त्याला लागलं हुतं."

तो उंबऱ्यावर बसून राहिला. शेवटी तिनंच त्याला बसची वेळ झाल्याचं सांगितलं.

आता दर रविवारी तो फोन करतो. पाऊसपाणी, औषधं, तब्येत विचारतो. देवाचं नाव दोघंही काढत नाहीत. बापाचंही नाही.