चाक आल्याचं कार्ड

सांगलीच्या एका मिस्त्रीनं माझ्या थोरल्या भावाला फटफटीच्या सामानासाठी झुलवत ठेवलं आणि त्यापायी त्याची साखर कारखान्यातली नोकरी हुकली, असं आमच्या भागात पन्नास वर्षं सांगितलं जातं. दादा स्वतः ते सांगत आला. मी शेजारी बसून ऐकत आलो. ते खोटं आहे. मिस्त्रीनं काम वेळेत केलं होतं. झुलवलं मी.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. दादा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून लाकडी पाय घेऊन तो घरी आला, तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. दोन वर्षं सोप्यात बसून काढली. मग कारखान्याच्या शेतकी खात्यात माणसं घ्यायची आहेत असं कळलं. शेतोशेती हिंडून उसाच्या नोंदी करायच्या, असं काम. शेतकी अधिकारी भला माणूस होता. त्यानं दादाला मोकळेपणानं सांगितलं, "मेजर, एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. पण दसऱ्याला बॉयलर पेटतो. त्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी चालवत हजर पाहिजे. मला वरती उत्तर द्यायचं असतं."

फौजी कोट्यातून नंबर लागला आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला नवी साडेतीनशे सीसीची फटफटी दारात आली. त्या काळी ह्या गाडीचा गिअर उजव्या पायात असायचा, आणि दादाला तोच पाय नव्हता. म्हणून सांगलीचे मिस्त्री. माधवनगर रस्त्याला त्यांची शेड होती. जैन होते, साठीच्या घरातले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पायातला गिअर हातात आणायचा आणि डाव्या अंगाला तिसरं चाक जोडून त्यावर बसायची जागा करायची, म्हणजे गाडी कलंडणार नाही, असं त्यांनी ठरवलं.

माप घ्यायची त्यांची रीत वेगळी होती. टेप काढलीच नाही. दादाला गाडीवर बसवलं आणि म्हणाले, "डोळं मिटा मेजर, आणि हात सोडा." हात मांडीजवळ जिथं पडला तिथं त्यांनी खडूनं खूण केली. असं पाच वेळा केलं. पाचही खुणा वीतभर जागेत आल्या, तेव्हा म्हणाले, "हितं दांडा."

दांडा ते शेडमध्येच घडवणार होते. पण तिसरं चाक आणि त्याचा मधला तुंबा मुंबईहून यायचा होता, आणि तिथं आधीच नंबर लागलेले होते. "चार महिने धरा," अण्णा म्हणाले. "आला की कार्ड टाकतो. पण सामान हातात देणार न्हाई. मेजर गाडीवर बसल्याबिगर मी एक नट आवळत न्हाई."

मी कराडला कॉलेजात होतो. गावात टपाल उशिरा यायचं, म्हणून पत्ता कॉलेजचा दिला. तो द्यायला दादानंच सांगितलं होतं.

गाडी चालवायलाही त्यानंच सांगितलं. "नवं इंजन हाय. पडून ऱ्हायलं तर बसंल. कॉलेजला घिऊन जा, पर हळू काढ." मी रोज घेऊन जाऊ लागलो. तोवर कॉलेजात मला ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. महिन्याभरात कँटीनवाला हाक मारून चहा देऊ लागला. ज्या प्राध्यापकांना माझं नाव कधी आठवत नसे, त्यांनी मला स्टेशनापर्यंत सोडायला सांगितलं.

इकडे दादाला घर पुरत नव्हतं. बाजेवर बसल्या बसल्या डावी मूठ आवळायची, उजवा हात मांडीजवळ न्यायचा आणि पुढं ढकलायचा. दिवसभर हेच. जेवतानाही उजवा हात ताटावरून खाली जायचा. वहिनी म्हणायच्या, "आवं, भाकरी खाईपर्यंत तरी गाडी हुबी करा." तो हसायचा आणि दोन घासांनी पुन्हा तेच. ओढ्यापलीकडं माझ्या गाडीचा आवाज आला की तो उठून फाटकाशी यायचा. मी इंजिन बंद करायच्या आत विचारायचा.

"आलं का रं?"

"न्हाई."

"सांगलीला जाऊन ये की गड्या एकदा."

दोनदा गेलो. दोन्ही वेळा चाक खरंच आलं नव्हतं.

कार्ड आलं गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. कॉलेजच्या टपालाच्या फळीवर अडकवलेलं होतं. "चाक आले. सर्व तयार आहे. मेजरना गाडीसह घेऊन यावे. बसवण्यास एक दिवस लागेल." मी ते उभ्यानं दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. त्या रविवारी आम्ही चौघं मित्र दोन गाड्यांवरून पाटणला जाणार होतो. तेवढा रविवार जाऊ दे, इतकंच मनात होतं. त्याहून मोठं काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी फाटकाशी दादानं विचारलं आणि मी रोजच्यासारखं "न्हाई" म्हणालो. तो शब्द तोंडात बसलेला होता.

रविवार गेला. मग आणखी एक आठवडा, परीक्षा आहे म्हणून. मग पंचाईत वेगळीच झाली. आता सांगावं तर कार्डावर टपालाचा शिक्का होता, त्यावर तारीख होती. दुसरं कार्ड आलं, "कळवून पंधरा दिवस झाले." तिसरं येऊ नये म्हणून मी एकटाच सांगलीला गेलो आणि अण्णांना सांगितलं, दादाचा पाय पुन्हा चिघळलाय, पुण्याला दवाखान्यात ठेवलंय.

अण्णांचं तोंड उतरलं. "मग घाई नको. सामान कुठं जातंय?" मला आत नेऊन त्यांनी तिसरं चाक दाखवलं. त्याच्या सांगाड्यावर त्यांनी एक लोखंडी कडं वाढवलं होतं. मेजरनी ते धरून उभं राहायचं, लाकडी पायावर भार टाकायचा आणि डाव्या पायानं किक मारायची. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. त्यांना सुचलं होतं.

परत येताना पेठ नाक्याला मी गाडी थांबवली आणि उगाच तासभर बसलो. घरी जाऊन सांगायचं ठरवलं. फाटकाशी दादा उभा होता. मी "न्हाई" म्हणालो.

नवरात्र बसलं. अधिकारी चार दिवस थांबेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटला. दादा त्या दिवशी घराबाहेर पडला नाही. सोनं द्यायला आलेल्यांना त्यानं बाजेवरूनच हात दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, जागा भरली.

चार दिवसांनी सकाळीच त्यानं फौजेतला कोट चढवला. "चल सांगलीला." लाकडी पाय निसटू नये म्हणून वहिनींनी तो फडक्यानं गाडीला बांधून दिला. मी इतकी हळू गाडी चालवली की आष्ट्याला त्यानं पाठीवर थाप मारली. "आज पोचायचं हाय का उद्या?" अण्णांची शेड बंद असावी, एवढंच मी मागत होतो.

शेड उघडी होती. तिसरं चाक भिंतीला टेकून उभं होतं आणि त्यावर धूळ होती. दादानं त्यावरून बोट फिरवलं.

"ही धूळ कालची न्हाई अण्णा. तयार हुतं आन कळवलं न्हाई? माझा दसरा गेला. जागा गेली माझी."

अण्णा जागचे उठले. "पाय बरा हाय न्हवं आता?"

"पायाला काय हुतंय? गेला तो गेला."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी ऐरणीकडं बघत राहिलो. त्यांना समजायला किती वेळ लागला असेल, मला आजही सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मग ते दादाला म्हणाले, "चूक झाली मेजर. कळवायचं ऱ्हाऊन गेलं माझ्याकडनं."

दादानं त्यांना पुष्कळ ऐकवलं. शेडमधली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. अण्णा मान खाली घालून नट आवळत होते. दुपारपर्यंत काम झालं. मला बाजूच्या जागेवर बसवून दादानं गाडी घरी आणली. इस्लामपूरला गिअर बदलून त्यानं हात दांड्यावरच ठेवला. मग म्हणाला, "हात बरोबर पडतोय."

महिन्यानं मी अण्णांकडं गेलो. त्यांनी खरं का सांगितलं नाही, हे विचारायचं होतं. ते कानस चालवत होते, ती थांबवली नाही.

"त्यास्नी माघारी घरला कुणासंगं जायचं हुतं? तुझ्यासंगंच न्हवं?"

नंतर म्हणाले, "आता तू सांग. मला त्यात घिऊ नकोस."

मी सांगितलं नाही. दादाला दुसरी नोकरी मिळाली नाही. तो शेतीच बघत राहिला आणि ती गाडी बरीच वर्षं चालवली. गाडी बघून पाटणकडचे, जतकडचे जखमी फौजी विचारायला यायचे, कुणी करून दिली म्हणून. दादा सांगायचा, काम चांगलं पण माणूस खोटा, तिकडं जाऊ नका. ते जायचे नाहीत. किती जणांनी गाडीचा नादच सोडला, मला माहीत नाही. अण्णांकडं फौजी गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, एवढं माहीत आहे.

गेल्या महिन्यात दादा हीच गोष्ट नातजावयाला सांगत होता. जावई उठून गेल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. तो ऐंशीच्या पुढं गेलाय. कान चांगले आहेत.

त्यानं विचारलं, "किती दिस कार्ड दाबून ठेवलंस?"

"पाच आठवडे."

"अण्णा हायत?"

"न्हाईत. लय वर्षं झाली."

"मागं कोण?"

"मुलगा हाय. मिरजेत."

नोकरीचं तो काहीच बोलला नाही. म्हणाला, "जेवढी माणसं मी माघारी धाडली, त्यातली निम्मी मेली असतील. ऱ्हायलेल्यांसाठी हे सगळं लिही. आन अण्णांच्या पोराला नेऊन वाचून दाखव. मी येतो संगं."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. हे लिहून झालं तेव्हा मी विचारलं, गुरुवारी मिरजेला निघू या का, माझी गाडी आहे. तो नको म्हणाला. आपण एसटीनं जायचं. माझ्या गाडीत तो बसणार नाही.