लिव्हरपूलमधली सावड

माझी मुलगी लिव्हरपूलला एका दवाखान्यात नर्स आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आणि बायको मलकापूरहून तिच्याकडे राहायला गेलो. आमच्याकडच्या कापसाच्या गाठी एके काळी त्या बंदरावर उतरायच्या, असं वडील सांगायचे, म्हणून मला तिथली गोदी पाहायची होती. ती पाहिली. पण माझ्या लक्षात राहिलेली जागा गोदीपासून बरीच आत, विटांच्या घरांच्या मागे आहे.

तिथे नगरपालिका लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे थोड्या भाड्याने देते. त्याला अलॉटमेंट म्हणतात. कारभार भाडेकरूंचीच समिती पाहते. नंबर लागायला वर्षं जातात. मुलीचा चार वर्षांनी लागला होता. मी तिचा तुकडा मोजला तर अडीच गुंठे भरला. नियम असा, की पाऊण जमीन लागवडीखाली पाहिजे, नाहीतर तुकडा पुढच्या नंबरवाल्याला. मुलीच्या ड्युट्यांमुळे निम्म्याहून जास्त भागात तण माजलं होतं. समितीने एकदा समज दिली होती आणि मेअखेरीस पाहणी होती.

"जाऊ द्या बाबा, मला नाही जमत," ती म्हणाली. पण दवाखाना आणि भाड्याची खोली सोडली, तर त्या शहरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. हे बोलताना ती आमच्याकडे बघत नव्हती.

मी हिशेब केला. आम्ही दोघं रोज राबलो तरी पाहणीच्या आत निंदण उरकत नव्हतं. बायकोला तसं सांगितलं.

"दोघांनीच कराचं कोन म्हन्लं?" ती म्हणाली. "सावड करू."

सावड म्हणजे आज मी तुझ्या वावरात राबायचं, उद्या तू माझ्या; मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. मी म्हटलं, इथे सावड कोणाला ठाऊक? त्यावर तिनं शेजारच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "धुरा हाये ना मधात? मंग शेजारी हायेच."

तो तुकडा गोदीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आधीच, बायको धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून त्याच्याकडे निंदायला बसली. सावडीत पहिला दिवस आपण द्यायचा असतो. तिनं सगळ्यात माजलेला कोपरा निवडला. तिथलं झुडूप असं, की अंगाला लागलं की आग होते. हाताला फडकं गुंडाळून तिनं तो कोपरा अंगणासारखा लख्ख केला.

म्हातारा आला, कोपऱ्याकडे पाहत उभा राहिला, मग आपल्या लाकडी खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी मुलीनं चौकशी केली. त्या झुडपाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, म्हणून त्यानं तो कोपरा मुद्दाम राखला होता. आणि पाहणीला येणाऱ्या तिघांत तोही एक होता. मुलगी कपाळाला हात लावून बसली. आता काही राहिलं नाही, म्हणाली.

बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "अळ्यांसाठी ठेवते तो तन?"

"हो."

"मंग सांग त्याले, आपल्याकडे लय हाये."

सकाळी तिनं आमच्या तुकड्यातली तीच झुडपं मुळासकट, मातीच्या गोळ्यासह उपटली आणि त्याच्या कोपऱ्यात नेऊन लावायला घेतली. मिरचीची रोपं लावावी तशी, सरळ ओळीत, सारखं अंतर सोडून. म्हातारा आला तेव्हा ती तिसऱ्या ओळीला पाणी घालत होती. तो मला म्हणाला, की हे झुडूप ओळीत लावलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि हसायला लागला.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला सावड समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे आता माझी पाळी?"

त्याच दिवशी तो खणायचा काटा घेऊन आमच्याकडे आला. रविवारी आणखी दोघांना घेऊन आला. तण निघालं तिथे आम्ही बटाटे, मेथी आणि घेवडा लावला. पाहणीच्या दिवशी मात्र तो बाजूला उभा राहिला. आपण इथे राबलोय, तेव्हा आपण मत देणं बरं नाही, असं त्यानं सोबतच्या दोघांना सांगितलं. मी आदल्या दिवशीच टेपने मोजून ठेवलं होतं, पाऊण भागाच्या थोडं वरच भरत होतं. त्या दोघांनी मोजलं नाही. फिरून पाहिलं, मेथीचा वास घेतला आणि तुकडा मुलीकडे राहिला.

आता सुट्टीच्या दिवशी ती अर्धा वेळ म्हाताऱ्याच्या तुकड्यात असते. त्याचे गुडघे दुखतात, आणि पाळी तिची असते. आम्ही परतल्यावर जुलैत तिनं त्या कोपऱ्याचा फोटो पाठवला. ओळी तशाच सरळ होत्या, पानांची चाळण झाली होती आणि त्यावर काळ्या अळ्यांचे झुबके होते.

बायकोनं फोटो मोठा करून पाहिला. "पीक चांगलं आलं त्याचं," ती म्हणाली. "फवारा मारू नको म्हना."