पैलवानाचं उचलणं

विमानतळाबाहेर सात नंबरच्या थांब्यावर भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीची बस लागते. ती जे गृहस्थ चालवतात त्यांना डेपोत सगळे पैलवान म्हणतात. आजवर मी ज्या ज्या माणसांवर मनापासून चिडले, त्यांतला सगळ्यांत भला माणूस हाच.

आधी माझं सांगते, म्हणजे चिडण्याचं कारण कळेल. मी रुग्णालयांतले वजनकाटे तपासते. माझे पाय लहानपणापासून चालत नाहीत. हात मात्र भरपूर चालतात, आणि तोंड त्याहून जास्त. दर महिन्याला विमानानं यायचं, ब्रेक आणि वेग दोन्ही हातानं सांभाळता येईल अशी गाडी आधीच सांगून ठेवायची आणि दोन दिवसांत सहा रुग्णालयं उरकायची. गाडीत मी माझी सरकून बसते, चाकांची खुर्ची घडी करून मागे टाकते आणि दोनशे किलोमीटर एकटी फिरते. अडतं ते फक्त विमानतळापासून त्या गाडीपर्यंतच्या चार किलोमीटरांत. टॅक्सी का करत नाही, असं लोक विचारतात. बाकी सगळी गिऱ्हाइकं कंपनीच्या बसनं जातात, मग मीच का टॅक्सी करू, असं मी विचारते.

या बसला तीन उंच पायऱ्या आहेत. मधल्या दाराखाली खुर्ची वर घेण्यासाठी लिफ्टही आहे. बटण दाबलं की एक लोखंडी फळी बाहेर येते, वीतभर वर उचलली जाते आणि घरघरत तिथेच अडते. पहिल्यांदा ती अशी अडली तेव्हा पैलवानांनी कपाळाला हात लावला, रिमोट खिशात टाकला आणि मी काही बोलायच्या आत मला दोन्ही हातांवर उचललं. त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात माझे केस अडकले, कुर्ता एका बाजूनं वर गेला, आणि आतले वीसेक प्रवासी एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. माझी खुर्ची बॅगांच्या ढिगावर गेली. मला एका सीटवर ठेवून पैलवान म्हणाले, "झालं की नाही ताई? लिफ्टवाचून काही अडलंय?"

साठीला टेकलेला हा माणूस. खांदे दरवाजाएवढे, आवाज मात्र गोगलगाईचा. त्यांची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ते तिला उचलून खिडकीशी बसवायचे आणि परत आल्यावर पुन्हा पलंगावर ठेवायचे. बायको म्हणायची, आपण शेजारच्यांची मदत घेऊ, पण यांनी कुणाला हात लावू दिला नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हाही मी त्यांच्या हातांवरच होते. उचलणं म्हणजे माया, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अशा माणसावर ओरडायचं कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

म्हणून मी कंपनीवर ओरडले. ईमेल पाठवले, फोन केले. सुटा भाग मिळत नाही, आपल्या भावना वरिष्ठांपर्यंत पोहोचवल्या आहेत, असं उत्तर दर वेळी आलं. माझ्या भावना पोहोचल्या, मी मात्र खालीच. असे महिन्यामागून महिने गेले. शेवटी डेपोच्या साहेबांनाच फोनवर गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे नोंद आहे. तुम्हाला दर वेळी नेलंय. मग तक्रार कशाची?"

पुढच्या खेपेला मी पैलवानांकडे त्यांचं फेरीपत्रक मागितलं. प्रत्येक फेरीला त्यात एक रकाना होता: व्हीलचेअर प्रवासी, नेला की नाही नेला, नसल्यास कारण. माझ्या प्रत्येक खेपेला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'नेला' लिहिलेलं. ते अभिमानानं म्हणाले, की एकोणीस वर्षांत 'नाही नेला' लिहायची पाळी आली नाही. माझं डोकं सणकलं. 'नाही नेला' लिहिलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत ती बस थांब्यावर पाठवता येत नाही, असा कंपनीचाच नियम होता. म्हणजे लिफ्ट बंद ठेवली होती ती या दोन दणकट हातांनी.

मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि मला उचललं. त्या वेळी त्यांच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं आणि शर्टाखालचा कंबरदुखीचा पट्टा माझ्या हाताला लागला. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलू नका म्हणून बजावलं होतं. डेपोत कळू नये म्हणून ते पट्टा शर्टाच्या आतून बांधत. मी विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात की माझं काय? ते म्हणाले, काळजी नको, नव्या ड्रायव्हरला उचलायचं कसं ते शिकवून जाईन. हसावं की रडावं, मला कळेना.

त्याच्या पुढच्या महिन्यात, म्हणजे लिफ्ट बंद पडून अकरा महिने झाले तेव्हा, मी थांब्यावर खुर्चीचे ब्रेक लावले. फळी वीतभर वर आली आणि अडली. पैलवान वाकले.

"काका, मला उचलू नका," मी म्हटलं. "नाही नेला, असं लिहा."

ते तसेच अर्धे वाकलेले राहिले. आतून कुणीतरी घड्याळाबद्दल कुरकुरलं. दुसरी गाडी मागवता येते का, म्हणून पैलवानांनी डेपोत फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला: "गाडी कुठली आणू आता? तू आहेस ना, घे की उचलून."

मला वाटलं, आता हे उचलणार. मग मीही काही बोलले नसते, कारण दहा वाजता रुग्णालयात पोहोचायचं होतं आणि माझा हट्ट तिथल्या बाळांच्या काट्याला काय कळणार? पैलवानांनी फोन ठेवला. पायरीवर बसून मांडीवर फेरीपत्रक घेतलं. लिहायला फार वेळ लागला. कारणाची ती जागा एकोणीस वर्षं कोरी होती. 'नाही नेला. लिफ्ट बंद.' एवढं लिहून त्यांनी सही केली, आणि माझ्याकडे न बघता बस काढली.

मी तिथेच राहिले. जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आयुष्यातली एकच गोष्ट मोडायला लावली, असं वाटलं, आणि कंपनीचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. टॅक्सी करून मी दीड तास उशिरा पोहोचले.

चौथ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली. अकरा महिने मिळत नसलेला सुटा भाग चार दिवसांत मिळाला. पुढच्या खेपेला मी फळीवरून, खुर्चीत बसूनच, सरळ वर गेले. आत खुर्चीला पट्टे लावायच्या जागेवर कुणाची बॅग नव्हती. पैलवान रिमोट धरून उभे होते. खुशीत दिसले नाहीत. विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. प्रवाशाला थांब्यावर मागे सोडल्याबद्दल मेमो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी पेटलेच. आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन लावते म्हणाले. त्यांनी माझा फोन हलकेच खाली केला.

"नको ताई. मी उत्तर दिलंय."

"काय दिलंत?"

"लिहिलं, चूक मान्य आहे. त्यांना अकरा महिने आधीच मागे सोडायला हवं होतं."