भिंतीवरचा माळढोक

“डोळ्यानं पाह्यलं, का ऐकलं?” पोरगं वर्गात पाय टाकायच्या आत मास्तरांचा सवाल तयार. ऐकलं म्हटलं की संपलं. “मंग जा, पाहून ये!”

निजामाच्या राजवटीत धावड्याकडच्या एका शाळेत आम्ही दोघं शिकवायचो. मी हिशेब शिकवायचो आणि मास्तर, काय सांगू, माळ शिकवायचे! शाळेच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं गावचं शिवार काढलं होतं. ओढा, माळ, बाभळीचं बन, सगळं. येता-जाता जे पाखरू दिसेल त्याचा ठिपका पोरांनी त्या जागी द्यायचा. होल्याचा कोळशानं, तित्तिराचा चुन्यानं.

“अहो, परीक्षेत विचारणार का हे?” मी चिडवायचो.

“आपल्या गावात कोण कोण राहतं, ते पोरांना नको का माहीत?” असं म्हणून ते हसायचे. वेडा माणूस! पण माझा फार जीव होता त्यांच्यावर.

एका श्रावणात गुराख्याचं पोरगं धापा टाकत आलं. “मास्तर, माळढोक! अंड्यावर बसलाय!” मास्तर स्वतः जाऊन पाहून आले. एकच अंडं घालतं हे पाखरू, हे त्यांनी पोरांना दोन-दोनदा सांगितलं. भिंतीवर हळदीचा ठिपका पडला.

मग दौऱ्यावर एक बडे साहेब आले. शिकारीचे भारी शौकीन. भिंतीपुढं थांबले. “ये पीला निशान कायका?” त्याच पोरानं ओढ्यापासून कुठं वळायचं, कोणत्या बोरीमागं बघायचं, सगळं बराबर सांगितलं. मास्तर त्याला अडवायला पुढं झाले, पण तोवर सांगून झालं होतं. “शाब्बास!” साहेबांनी पोराची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी शाळेपुढून गेली. मागं माळढोक उलटा टांगलेला. अंडं कोल्ह्यानं नेलं.

मास्तरांनी चुना कालवला आणि भिंत पांढरी केली. “इथून पुढं कोणीबी विचारलं, तर दिसला न्हाई म्हणायचं.”

ते पोरगं मात्र रोज माळ पालथा घालायचं. एकदा येऊन म्हणालं, “मास्तर, माळढोक दिसला न्हाई. एकबी न्हाई.”

मास्तरांनी त्याची हनुवटी वर केली. “खरं सांगून राह्यलास, का मी शिकवलं ते?”

पोरगं रडायला लागलं. “खरंच न्हाई, मास्तर. तुमची शप्पथ.”

दिवाळीला मास्तर गावी गेले ते परत आलेच नाहीत. माळावर मी अजून जातो. लोक विचारतात, दिसला का? मी न्हाई म्हणतो. तुम्हाला वाटेल, मास्तरांनी शिकवलं तेच सांगतोय. तसं असतं तर किती बरं झालं असतं हो!