‘इतर’ रकान्यातल्या मावशी

मावशींना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागायचा. माझ्या वाट्याला रुग्णालय आलं आणि विषय आला, वॉर्डातल्या मदतनीसांचा वेळ कुठे जातो. बारा दिवस एका बाईच्या मागे फिरायचं आणि ती काय काय करते ते मिनिटांत मांडायचं.

मोठ्या सिस्टरांनी मला पुरुषांच्या वॉर्डात नेलं. बेडपॅन धूत असलेल्या एका ठेंगण्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, “या मावशी. तेवीस वर्षं झाली इथे. नाकासमोर चालणारं माणूस आहे, उगाच पिडू नका.”

मावशींनी हात पुसत माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. “एवढी पाळत मी नवऱ्यावर ठेवली असती, तर तो पळून गेला नसता.”

घरी त्या आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघंच. भावाला लकवा झालेला. त्याला अंघोळ घालून, भरवून त्या कामावर यायच्या. ही माहिती मला फॉर्ममध्ये लिहायची नव्हती. त्यांनीच चादरी बदलता बदलता सांगितली.

माझ्या फॉर्मला चार रकाने होते. स्वच्छता, ने-आण, रुग्णाची सेवा आणि इतर. तीन दिवस सगळं सुरळीत भरलं. चौथ्या दिवशी दुपारी एकोणीस नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या सुताराला घरघर लागली. त्याचं कुणीच नव्हतं. डॉक्टर बघून गेले होते, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशींनी फरशी पुसून घेतली, बादली कोपऱ्यात ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याचा हात हातात घेऊन बसल्या. मधूनमधून कापसाच्या बोळ्यानं त्याचे ओठ ओले करायच्या. बाकी काही नाही. सदतीस मिनिटांनी तो गेला. मावशींनी त्याचे डोळे मिटले आणि सिस्टरांना हाक मारली.

“रोज बसता अशा?” मी विचारलं.

“रोज कुठे, ज्याचं कुणी नाही त्याच्यापाशी. एकट्यानं जाऊ नये माणसानं.”

त्या संध्याकाळी मी मार्गदर्शक सरांना विचारलं, “हे कुठल्या रकान्यात टाकू?”

“औषध दिलं त्यांनी?”

“नाही. त्या नुसत्या बसल्या होत्या.”

“मग इतर.”

बारा दिवसांत मावशी चौघांपाशी बसल्या. एका कण्हणाऱ्या तरुणापाशी तर सलग दोन दिवस, जमेल तेव्हा. माझा ‘इतर’ रकाना फुगत गेला. अहवालाच्या शेवटी मी लिहिलं : इतर बाबींवर दर पाळीत सरासरी एक तास चाळीस मिनिटं खर्च होतात, हा वेळ वाचवता येण्याजोगा आहे. हे वाक्य माझ्याकडून कुणी लिहून घेतलं नव्हतं. ते मला चांगलं वाटलं होतं. अहवालाला पहिलं बक्षीस मिळालं.

आठ महिन्यांनी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. “तुमचा अहवाल वाचला. टाइप छान केलाय.” पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. रुग्णालयानं कॉलेजकडून प्रत मागवली होती. वॉर्डातली कामं कंत्राटदाराकडे गेली होती, अकरा बायकांच्या जागी पाच आल्या होत्या. मावशी कायम नोकरीतल्या, त्यांना काढता येईना, म्हणून तळघरातल्या धुलाईखान्यात पाठवलं होतं.

मी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी माझंच पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

“मरणाऱ्याजवळ बसणं हे काम धरायला हवं होतं, सर. माझी चूक झाली.”

“त्यातून निष्पन्न काय होतं? पेशंट वाचतो का?”

“नाही.”

“मग?”

मी ते पान मिटून उठले. पुढे मी त्यांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींची पोच आली, उत्तर आलं नाही.

धुलाईखान्यात वाफ आणि यंत्रांची घरघर. मावशी ओल्या चादरींचे पिळे सोडवत होत्या. मला त्यांच्या कानाशी ओरडून माफी मागावी लागली.

“खोटं थोडंच लिहिलंस? बसतच होते मी,” त्या म्हणाल्या.

सुरुवातीला काम सुटल्यावर त्या वर वॉर्डात जायच्या. मग पहारेकऱ्यानं पास मागायला सुरुवात केली. तेही निभावलं असतं, पण नव्या पोरींपैकी एक त्यांच्या पाया पडली. “मावशी, तुम्ही बसलात की बाकीचे पेशंट आम्हाला विचारतात, तुम्ही का बसत नाही. आम्हाला वीस खाटा आहेत हो.” त्यानंतर मावशी गेल्या नाहीत.

चार वर्षांनी, त्यांचा भाऊ वारल्याचं कळलं म्हणून मी घरी भेटायला गेले. एक खोली, पुढे स्वयंपाकाचा ओटा. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली.

“तुम्ही होतात ना जवळ?” मी विचारलं. मला तेवढं तरी ऐकायचं होतं.

“ओट्यापाशी होते. घरघर ऐकली. तेवीस वर्षं ऐकलेला आवाज, ओळखला नाही असं कसं होईल?” त्या म्हणाल्या. “कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं एवढ्या संपवू आणि जाऊ. संपल्या, तर पुन्हा उलगडून घालायला घेतल्या. पाय उचललाच नाही.”

“घाबरलात?”

“नाही गं. घाबरले असते तर बरं होतं. नुसतं बसून काय होणार, असं मनात आलं.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग काढून घेतला आणि पदरानं पुसला. तळहाताची कातडी धुलाईखान्यातल्या सोड्यानं सोलवटली होती.

“चहा ठेवते,” म्हणून त्या उठल्या. चहा झाला, आम्ही प्यायलो. त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली. मी सांगितलं, कॉलेजात शिकवते.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होईना.